साका बसू नये म्हणून

ज्या बाईचं नाव बेबी आहे तिला लहान मुलांच्या वॉर्डात नेमणं हा आमच्या ट्रस्टने केलेला एकमेव विनोद होता, आणि तोही नकळत झालेला. बेबी सिस्टर उंच, रुंद, सावळ्या. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी "कोण रडतंय रे?" म्हणून विचारलं की तळमजल्यावर ओपीडीत बसलेली मुलंसुद्धा गप्प व्हायची. वय पन्नाशीच्या पुढे. नाकात खड्याची जुनी चमकी आणि डाव्या मनगटावर नवऱ्याचं घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घड्याळाचा पट्टा तीनदा बदलला, पण घड्याळ तेच राहिलं. "सेकंदकाटा ठसठशीत हाय त्याचा, म्हणून ठेवलंय," असं त्या सांगायच्या. आणखी कुठल्या कारणासाठी ठेवलं असेल असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी त्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर होतो. भाईंदर पश्चिमेला एका ट्रस्टचं ते छोटं हॉस्पिटल होतं. आता नाही. त्या जागी टॉवर उभा राहतोय आणि त्याच्या पत्र्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आहे. माझं आडनाव सावंत, पण सिस्टर मला 'खिडकी'च म्हणायच्या. "खिडकी, ड्रॉपर संपलेत." "खिडकी, जेवलास का?" रागावल्या की मात्र मी सावंत व्हायचो. अकरा वर्षांत मी फार वेळा सावंत झालो नाही, कारण त्यांच्या वाटेत न येण्याची कला मी लवकर शिकलो होतो. एकूणच कुणाच्या वाटेत न येणं हा माझा स्वभाव. त्याची फळं पुढे येतीलच.

दर गुरुवारी मुंबईहून मेंदूचे डॉक्टर यायचे. आकडी येणाऱ्या मुलांना त्या दिवशी तपासत. उत्तन, तारोडीपासून पार वरसाव्यापर्यंतच्या आया मुलांना घेऊन सकाळपासून बाकांवर बसलेल्या असायच्या. कुणी फिट म्हणे, कुणी मिरगी, आणि बऱ्याच जणी काहीच म्हणत नसत, नुसत्या "ते होतं हिला" एवढं बोलून पदर ओढून घेत. डॉक्टरांना हवी असायची नेमकी माहिती. हात आधी वळतो की मान, डोळे कुठल्या बाजूला जातात, ओठ हलतात का. आईला यातलं काही आठवत नसे. तिने त्या वेळी फक्त देवाचं नाव घेतलेलं असे.

मग सिस्टर त्या आईसमोर बाकावर बसायच्या आणि स्वतः आकडी करून दाखवायच्या.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातल्या गोळ्या खाली सांडल्या. एवढी मोठी बाई एकदम विझल्यासारखी झाली. नजर हवेत, ओठ चघळल्यासारखे हलतायत, बोटं स्वतःच्याच गणवेशाची कड चाचपतायत. "असं?" त्यांनी शुद्धीवर येऊन विचारलं. आई म्हणाली, नाही. "मग असं?" आता एक खांदा झटके द्यायला लागला, मान त्याच बाजूला ओढली गेली. ती आई जोरात ओरडली, "हेच, हेच!" आणि रडायला लागली. सिस्टरांनी कागदावर दोन ओळी लिहून तो आत पाठवला. डॉक्टर त्या दोन ओळींवर किती विसंबून असत ते मला माहीत आहे, कारण औषधाची चिठ्ठी शेवटी माझ्याकडेच यायची.

एकदा नवा वॉचमन आला होता. त्याने सिस्टरांना बाकावर झटके देताना पाहिलं आणि बिचारा गेटच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावला. त्यांच्या मुठीत तो जुडगा कोंबणार, इतक्यात सिस्टरांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "चावी गेट को लगा, मेरे को नहीं." बाकावरच्या आया त्या दिवशी हसल्या. त्या बाकांवर हसू तसं कमीच ऐकू यायचं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या आयांना पाठ होतं: "आधी घड्याळ, मग रडणं." मूल पडलं की कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर उचल आणि दवाखाना गाठ. बाकी कांदा, चप्पल, पाणी, अंगारा यांतलं काही नको. एका बापाने मुलाच्या दातांत बोट घातलं होतं. ते फाटलेलं बोट बांधून देताना सिस्टर त्याला म्हणाल्या, "पोराची जीभ कुटं जात न्हाय, दादा. तुमचा बोट गेला असता." तो ओशाळून हसला. मग हळूच म्हणाला, "सिस्टर, बघवत नाही हो." त्यावर सिस्टरांनी बँडेजची गाठ सोडून दुसऱ्यांदा सावकाश बांधली.

त्या राई गावातल्या. घरचं मिठागर होतं एके काळी, थोडी भातशेती होती. आता जमिनीवर इमारती आल्या आणि भाऊबंदकीत जे राहिलं त्यात त्यांचं घर. ड्युटीवर त्या आमच्यासारखंच मीरा रोडचं मराठी-हिंदी बोलत, पण चिडल्या किंवा हळव्या झाल्या की गावची बोली बाहेर यायची. 'मला'चं 'मना' व्हायचं. डब्यात सुका जवळा नाहीतर बोंबील. तो उघडला की लहान मुलांचे डॉक्टर खिडक्या उघडायला सांगायचे. सिस्टर उभ्याउभ्याच खायच्या, एक कान वॉर्डात ठेवून.

मनूची गोष्ट सांगायची म्हणजे शाळेपासून सुरुवात करावी लागेल. मनू, म्हणजे मनस्वी. तिची आई स्मिता भाईंदर पूर्वेला राहणारी, नवरा एका कारखान्यात, सासर गुहागरच्या पलीकडे. मनू चार वर्षांची असताना पहिल्यांदा आली. खिडकीच्या फटीतून हात घालून माझा रबरी शिक्का ओढायची. मी तिच्या तळहातावर तो उमटवला की शाई वाळेपर्यंत मूठ उघडायची नाही. औषध लागू पडलं, आकडी थांबली. पण शाळेला कळलं आणि शाळेने दाखला घरी पाठवला. वर्गात काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, असं बाईंचं म्हणणं.

सिस्टर दुसऱ्या दिवशी गणवेशातच शाळेत गेल्या. मी बरोबर होतो, कारण मला त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली आणि मग रिक्षात बसायला. मुख्याध्यापिका नाही म्हणत होत्या. सिस्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. सरळ मनूच्या वर्गात गेल्या, फरशीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आता मना आकडी आली. काय करणार?" पाच-सहा वर्षांची चाळीस मुलं. आधी सगळी एकमेकांकडे बघत राहिली. मग एक मुलगी उठली आणि तिने आपलं दप्तर त्यांच्या डोक्याखाली सरकवलं. चौघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवायचा प्रयत्न केला, वळवता येईनात, तर आणखी चौघे आले. एकाला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला बसवलं. दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका चष्मा पुसत राहिल्या. मनू शाळेत राहिली. पुढे दीड वर्ष तिला एकदाही आकडी आली नाही. तिला वर्गात पडायला जमलंच नाही म्हणून वर्गातली मुलं थोडी नाराज होती, असं स्मिता सांगायची.

मनूचं औषध पातळ होतं. गुलाबी, दाट, बाटलीत भरलेलं. हे असलं औषध पाण्यात नुसतं मिसळलेलं असतं, विरघळलेलं नसतं. बाटली उभी राहिली की औषध तळाशी जाऊन बसतं, त्याचा साका होतो, आणि वर राहतं ते गोड रंगीत पाणी. म्हणून प्रत्येक वेळी हलवायचं. लेबलवर लिहिलेलं असतं, पण लेबल कोण वाचतं! सिस्टर ते प्रत्येक आईकडून करून घ्यायच्या. वीस वेळा, मोठ्याने मोजत. माझ्या खिडकीसमोर दर गुरुवारी बायका बाटल्या हलवत उभ्या असायच्या आणि आकडे ऐकू यायचे, मराठीतून, हिंदीतून, कधी गुजरातीतून. सिस्टर मध्येच ओरडायच्या, "अठरा झाले! दोन कोण मोजणार, तुझी सासू?"

आणि आता तो गुरुवार.

शिमगा तोंडावर आला होता. त्या औषधाचा माल महिनाभर आला नव्हता, बाहेरच्या दुकानांतही नव्हता. माझ्या फडताळात एकच बाटली उरली होती, मागच्या रांगेत, कितीतरी महिने एकाच जागी उभी. मागणाऱ्या दोघी. एक स्मिता. घरी पालखी येणार म्हणून ती मनूला घेऊन गावाला निघाली होती, गाडी साडेचारला काशिमिऱ्याहून. दुसरी संगीता, तिची मुलगी परी, मनूच्याच वयाची, औषधाचं प्रमाणही तेच. डॉक्टर निघून गेले होते. सोमवारपर्यंत माल येईल असं मी सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "मग अर्धी अर्धी करू. दोघींचं भागेल."

मी एक रिकामी बाटली उकळत्या पाण्यातून काढून, पुसून दिली. मापाचा पेला दिला. ओतणं खरं तर माझं काम. पण खिडकीसमोर पंचवीस-तीस माणसं रांगेत होती, आणि सिस्टरांनी बाटली आधीच उचलली होती. त्यांची मूठ बाटलीच्या मानेभोवती वळली, हात वर गेला. तेवढ्यात मी म्हणालो, "सिस्टर, लवकर करा हो. काशिमिऱ्याच्या नाक्यावर ट्रॅफिक असतो, तिची गाडी जाईल." नेमकं त्याच वेळी वरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी "आले, आले" म्हणत वर बघितलं, हात खाली आला, झाकण उघडलं आणि त्यांनी ओतलं. वरचं अर्धं मनूच्या बाटलीत. खालचं अर्धं मूळ बाटलीतच राहिलं, ते परीला.

"वीस वेळा, बाय. न चुकता," त्या दोघींना म्हणाल्या.

"वीस वेळा," स्मिता म्हणाली. मनूने मूठ पुढे केली. मी शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी स्मिताची शेजारीण नातवाला इंजेक्शनसाठी घेऊन आली आणि तिने सांगितलं की मनू गेली. पालखीच्या दिवशी भर दुपारी आकडी सुरू झाली ती थांबलीच नाही. स्मिताने कुशीवर वळवलं, तोंडात कुणाला काही घालू दिलं नाही, घड्याळ बघितलं. पाचव्या मिनिटाला गाडी शोधायला माणूस धावला. वाडीतल्या सगळ्या गाड्या पालखीच्या गर्दीमागे अडकलेल्या. दवाखाना तासाभराच्या वाटेवर. तिने सगळं शिकवल्यासारखं केलं होतं.

सिस्टर बातमी ऐकून चादरींच्या खोलीत जाऊन बसल्या. मी दारातून पाहिलं. त्या रडत नव्हत्या. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं आणि त्याच्याकडे बघत होत्या.

मुलं जातात. हॉस्पिटलात काम करणाऱ्याला ते माहीत असतं. औषध चालू असतानाही कधी आकडी उसळते, कारण सापडत नाही, आणि डॉक्टर खांदे उडवतात. मनूचंही तसंच धरलं गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संगीता परीला कडेवर घेऊन आली. "दीदी, देखो ना, बच्ची शराबी जैसी चलती है. दिनभर सोती है."

सिस्टरांनी परीला खाली उभं केलं. "चल के दिखा, बेटा." परी दोन पावलं टाकून भिंतीकडे कलली. सिस्टरांनी तिच्या डोळ्यांपुढे बोट धरून बाजूला नेलं. परीचे डोळे बोटामागे जाताना थरथरत होते. औषध जास्त झालं की असं होतं, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. औषध ताबडतोब बंद करायला लावलं, डॉक्टरांना फोन केला, रक्त तपासायला पाठवलं आणि संगीताकडची बाटली मागून घेतली. मग त्या माझ्या खिडकीशी आल्या. दुपारची वेळ, रांग नव्हती.

"सावंत," त्या म्हणाल्या. "मनूची बाटली आणि परीची बाटली, एकच ना?"

"हो."

"मी हलवली होती?"

मला सगळं दिसत होतं. वर गेलेला हात दिसत होता, माझा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. औषधशास्त्राची पदविका माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती. मी म्हणालो, "आठवत नाही, सिस्टर."

"मना आठवतंय," त्या म्हणाल्या.

एका मुलीला नुसतं पाणी मिळालं होतं आणि दुसरीला दोघींचं औषध. आणि दोन्ही आयांनी आपापली अर्धी बाटली रोज वीस वीस वेळा इमानाने हलवली होती. हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. परी आठवड्याभरात नीट चालायला लागली. मी सिस्टरांना म्हणालो, आता झालं ते झालं. कुणाची तक्रार नाही. सांगून मुलगी परत येणार आहे का? पोलीस केस होईल, नोकरी जाईल, पेन्शनचं काय होईल कोण जाणे. मी हे सगळं त्यांच्या काळजीने बोललो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. पण मग ती शेजारीण पुन्हा आली. स्मिता गावाहून परतली होती. सासू उठताबसता म्हणत होती की ढोलांच्या नादात ही औषध विसरली. नवरा बोलत नव्हता. आणि स्मिताने स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं की पालखीच्या दिवशी सकाळचं औषध आपण दोन तास उशिरा दिलं. आता ती दिवसभर ती बाटली पुढ्यात घेऊन बसते, खात नाही, असं शेजारणीचं म्हणणं.

सिस्टर माझ्याकडे आल्या. "तिला वाटतंय तिने मारलं. तिने न्हाय मारलं. एवढंच सांगायचंय. येतोस?"

मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. बहुधा न जाण्यासाठी जेवढं धैर्य लागतं तेवढंही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. सासू पलंगावर, नवरा दाराशी, स्मिता खाली भिंतीला टेकून. पाच-सहा आठवड्यांत ती निम्मी झाली होती. मनूची बाटली खरंच तिच्या मांडीशी होती, तळाला दोन बोटं औषध अजून शिल्लक. सिस्टर तिच्यासमोर फरशीवर बसल्या, आयांसमोर बसायच्या तशाच. पिशवीतून परीची बाटली काढली. मग मनूची मागून घेतली. आधी एक वीस वेळा हलवली, मग दुसरी वीस वेळा. मोजणं मोठ्याने नव्हतं, पण त्या खोलीत प्रत्येकजण मनात मोजत होता असं मला वाटलं. दोन्ही बाटल्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीतून पलीकडची लादी दिसत होती. दुसरीतून काही दिसत नव्हतं.

"ही तुझी," सिस्टर म्हणाल्या. "ही दुसऱ्या मुलीची. एकाच बाटलीतून मी ओतली. ओतायच्या आधी हलवायची असते. मी हलवली न्हाय. वरचं तुला आलं."

स्मिता बाटल्यांवर वाकली. "पण मी रोज हलवत होते," ती म्हणाली.

"पाणी हलवत होतीस, बाय. तू चुकली न्हायस. दोन तास उशिरानं काय झालं न्हाय. औषध त्यात नव्हतंच."

सासूने तोंडाला पदर लावला. तिने स्मिताच्या खांद्याकडे हात नेला. स्मिताने खांदा काढून घेतला. मग तिने विचारलं, "ती दुसरी मुलगी कशी आहे?"

"बरी हाय. चालते नीट आता."

"म्हणजे माझ्या मनूचं औषध तिच्या पोटात गेलं."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

क्षमा मागितली नाही त्यांनी. मागितली असती तर ती देण्याचं किंवा न देण्याचं ओझंही त्या पोरीवर पडलं असतं, असं मला आता वाटतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं: घाई मी केली, ओतायचं काम माझं होतं. स्मिताने एकदा माझ्याकडे पाहिलंही, ओळखीचा माणूस म्हणून, शिक्कावाला म्हणून. मी नजर खाली केली.

"आता जा तुम्ही," स्मिता म्हणाली. "बाटल्या इथेच राहू द्या. दोन्ही."

जिन्यात सिस्टर कठडा धरून थांबल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या म्हणाल्या, "माझ्या बापाचं मिठागर होतं, खिडकी. खाली काय बसतं आणि वर काय राहतं ते मना शाळेत जायच्या आधी म्हाईत होतं." बस्स, एवढंच. मग उरलेले दोन मजले त्या एकेक पायरी करत उतरल्या.

ट्रस्टला त्यांनी लेखी दिलं. ट्रस्टची माणसं म्हणाली, घरच्यांची तक्रार नाही, तुम्ही कशाला कागद करताय? त्यांनी तरी केला. तो कागद आवक नोंदवायला माझ्या टेबलावरून गेला, म्हणून मी वाचला. 'बाटली मी न हलवता ओतली. औषधांच्या खिडकीचा यात दोष नाही.' मी त्या कागदावर शिक्का मारला. तोच, मनूच्या तळहातावरचा. त्याच्याखाली माझं एक वाक्य लिहायला पुष्कळ जागा होती.

निवृत्तीला वर्ष बाकी असताना ट्रस्टने त्यांना घरी बसायला सांगितलं. शेवटच्या महिन्यांत त्या हाताला लागेल ती बाटली हलवायच्या. खोकल्याचं औषध, खोबरेल तेल, कुणाची पाण्याची बाटलीसुद्धा. नवीन नर्स हसायच्या. मी हसू शकत नव्हतो आणि त्यांना गप्प बसा असंही म्हणू शकत नव्हतो. आकडी करून दाखवणं मात्र त्यांनी सोडून दिलं. आता आयांकडे मोबाइल होते, त्या शूटिंग करून आणत. सिस्टर ते बघायच्या आणि कागदावर दोन ओळी लिहायच्या.

हॉस्पिटल पाडलं तेव्हापासून मी मीरा रोडला एका मेडिकलच्या दुकानात आहे. स्मिता कधीमधी भाजी मार्केटात दिसते. मी गल्ली बदलतो.

गेल्या वर्षी सिस्टरांचा मुलगा दुकानात चिठ्ठी घेऊन आला. आडनाव आणि राई गाव वाचून मी विचारलं, तर म्हणाला आईला लकवा झालाय, वाचा गेली, उजवी बाजू चालत नाही. त्यातलं एक औषध तेव्हा दुकानात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच ते घेऊन गेलो. जुन्या घरावर आता दोन मजले चढलेत. सिस्टर खालच्या खोलीत खिडकीशी पलंगावर होत्या. एवढं मोठं शरीर उशांमध्ये खचून बसलं होतं. घड्याळ डाव्या मनगटावर होतं, पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही सैल. त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांवरून कळलं.

सून भली होती. "बरं झालं आलात, दादा. औषध घ्यायलाच मागत नाहीत. तोंड घट्ट मिटून घेतात. कालपासून हेच चाललंय." तिने पोटाच्या औषधाची बाटली उचलली, झाकण काढून चमच्यात औषध ओतलं आणि चमचा पुढे केला. सिस्टरांनी तोंड मिटलं. डावा हात उचलून हवेत कसातरी हलवला. सून म्हणाली, "बघा, नकोच म्हणतात."

मी तिच्या हातून चमचा घेतला, औषध बाटलीत परत ओतलं, झाकण लावलं आणि बाटली हलवायला लागलो. मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. त्यांचे डोळे माझ्या हातावर होते. आज सांगून टाकायचं असं ठरवून मी आलो होतो: सिस्टर, ती घाई माझी होती, मला आठवत होतं, मी अजून तिच्या घरी जाऊन बोललेलो नाही. अकरापर्यंत गेलो आणि मला रडू फुटलं. आकडा चुकला. मी थांबलो, डोळे पुसले, आणि पुरे झालं असेल असं समजून झाकणाला हात घातला.

त्यांचं तोंड मिटलेलंच होतं.

मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. वीस झाले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.